पालकांनी इथे सही करावी

घरी चार माणसं जमली की कोणीतरी विषय काढतंच, "पोरानं गुन्हा केला तर आईबापाला आत टाकायला पाहिजे." मग सगळे माझ्याकडे बघतात, कारण माझी उमेदीची वर्षं याच प्रश्नाच्या शेजारी बसून गेली. मत विचारलं तर मला धड देता येत नाही. किस्से मात्र आहेत. ते मी जमवले नाहीत, आपोआप साचले. रिपोर्ट लिहून फाइल बंद केली की केस संपायची, आणि जे रिपोर्टात बसत नसे ते माझ्याबरोबर घरी यायचं. असं सात-आठ वर्षं चाललं. किती साचलं असेल बघा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीत प्रोबेशन ऑफिसर होते. सोळा वर्षांखालच्या मुलानं काही गुन्हा केला की त्याच्या घरी जायचं, चौकशी करायची, कोर्टाला रिपोर्ट द्यायचा, आणि कोर्टानं त्याला सोडलं की पुढे वर्षभर त्याच्यावर लक्ष ठेवायचं. 'प्रोबेशन' हा शब्द कोणाच्या जिभेवर बसेना. त्याचं आधी 'परबेशन' झालं, मग नुसतं 'परब'. माझं आडनाव परब नाही. पण आजही मिरकरवाड्यात, तिथल्या मच्छीमार वस्तीत, गेले तर एखादी म्हातारी हाक मारते, "परबबाई, बांगडे ताजे हायत."

मुलांचं कोर्ट दर बुधवारी रिमांड होमच्या पुढच्या खोलीत भरायचं. एक लांब टेबल, समोर दोन बाकं. एक मुलांचं, एक पालकांचं. टेबलामागे मधल्या खुर्चीवर मॅजिस्ट्रेट प्रभुदेसाईसाहेब. हळू बोलणारे, आणि समोरचा बोलेपर्यंत थांबणारे. त्यांच्या उजव्या हाताला सुमतीताई. निवृत्त हेडमास्तरीण, कोर्टाच्या मानद सदस्य. टोकाला मी. आणि दाराशी साळवी हवालदार, मुलांना आणणारे-नेणारे.

मुलाला घरी सोडायचं ठरलं की पालकाकडून हमीपत्र घ्यायचं. सायक्लोस्टाइल केलेला एक कागद होता. मी या मुलाच्या चांगल्या वागणुकीची हमी घेतो, तो पुन्हा चुकला तर मला जबाबदार धरावं, असा मजकूर. तळाला लिहिलेलं, 'पालकांनी इथे सही करावी'.

आमच्यात एकमत कधीच नव्हतं. साळवी म्हणायचे, "बापाला दोन महिने आत टाका, पोरगं आपोआप सुधारतंय." सुमतीताईंना तुरुंग नको होता, पण पालकांना जरब हवीच, असं त्यांचं म्हणणं. मी नुकतीच शिकून आलेली. मला वाटायचं, गरिबी जबाबदार. साहेब सगळ्यांचं ऐकून म्हणायचे, "कायदा पालकाकडून हमी घेऊ शकतो, फार तर दंड करू शकतो. मुलाऐवजी बापाला तुरुंगात पाठवता येत नाही." आणि पुढची केस घ्यायचे.

*

मिरकरवाड्यात काशिनाथ नावाचा एक तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, समुद्रावर त्याचा शब्द शेवटचा. त्याच्या चौदा वर्षांच्या मुलानं, रमेशनं, शेजारच्या हसनचाचांची वाळत घातलेली जाळी कोयत्यानं फाडली. क्रिकेट खेळताना हसनचाचांच्या मुलाशी भांडण झालं, त्याचा राग जाळ्यांवर. ऐन मोसमात दोन जाळी फाडणं म्हणजे त्या घराची चूल विझवणं.

कोर्टात काशिनाथ उभा राहिला आणि म्हणाला, "सायेब, होडीवर खलाशी चुकला तर जाब तांडेलाला विचारतात. घरातसुद्धा मीच तांडेल. गुन्हा माझ्या नावावर लिवा."

साहेब म्हणाले, "तसं कायद्यात बसत नाही."

"मग तुमचा कायदा होडीवर चालायचा नाय," तो म्हणाला. पण हमीपत्रावर सही केली आणि मुलाला घेऊन गेला.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा मी त्याच्या घरी भेटीला गेले, तर घरात कोणी नाही. काशिनाथची बायको म्हणाली, "हसनचाचाच्या पडवीत बघा." तिथे बापलेक फाडलेलं जाळं मांडीवर घेऊन बसले होते. बाहेर धो धो पाऊस. दोघांच्या हातात जाळं विणायची सुई. हसनचाचा आत खाटेवर पाठ करून झोपले होते.

पहिला आठवडा त्यांना त्या घरात कोणी पाणी विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात चहा आला. तिसऱ्या आठवड्यात हसनचाचांचा मुलगा येऊन रमेशच्या शेजारी बसला आणि त्यानं जाळ्याचं दुसरं टोक धरलं.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास हसनचाचा कोर्टात आले. आम्हाला वाटलं, नवी तक्रार. ते म्हणाले, "तक्रार काढून घ्यायला आलोय."

साहेबांनी कारण विचारलं.

"फाडलेली जाळी झालीच, पण माझी आणखी दोन जुनी जाळी खोपीत पडलेली, तीसुद्धा त्यांनी न सांगता शिवून ठेवली," हसनचाचा म्हणाले. "एवढा मोठा तांडेल पाऊसभर माझ्या दारात बसला, सायेब. आता मलाच कोर्टात उभं राहायला लाज वाटते."

साळवी त्यांना फाटकापर्यंत सोडून आले. मग म्हणाले, "आत टाकला असता तर दोन महिन्यांत सुटला असता."

*

दुसरा किस्सा सुंदराचा. ती मिरकरवाड्यातलीच, मासळी विकणारी. नवरा समुद्रात बुडून गेलेला. तेरा वर्षांच्या मुलानं, बाळानं, दोन मोठ्या मुलांच्या नादी लागून ट्रॉलरवरची बॅटरी चोरली. ती मोठी मुलं सापडेपर्यंत बाळाला रिमांड होममध्ये ठेवायचं ठरलं. तीन आठवडे.

सुंदरा म्हणाली, "मला पण ठेवा."

साहेबांनी समजावलं, मोठ्या माणसांना इथे ठेवत नाहीत.

"मी घरात नसायची म्हणून तो उंडारला. अर्धा गुन्हा माझा. अर्धी शिक्षा मला द्या."

साहेब म्हणाले, "बाई, अशी अर्धी-अर्धी शिक्षा मला करता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिमांड होमच्या फाटकाबाहेर सुंदरा टोपली घेऊन बसली. बाजारात जायचं सोडून तिनं दुकान तिथेच मांडलं. सुपरिंटेंडेंट चिडले. पण फाटकाबाहेरचा रस्ता काही त्यांचा नव्हता.

रोज दुपारी जेवणाची घंटा झाली की ती भिंतीशी जाऊन ओरडायची, "बाळा, जेवलास काय रे?"

आतून बाळाचा आवाज, "जेवलो!"

चौथ्या-पाचव्या दिवशी बाळाबरोबर आणखी दोघांनी उत्तर दिलं. मग सहा जणांनी. दुसऱ्या आठवड्यात अशी गत झाली की तिनं विचारलं की आतून तीस-पस्तीस पोरांचा एकच आवाज यायचा, "जेवलो!" रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. सुपरिंटेंडेंटांनी मला सांगितलं, पोरं हल्ली ताटात काही टाकत नाहीत. विचारलं तर म्हणतात, बाहेर खोटं कसं सांगायचं?

तीन आठवड्यांनी बाळा सुटला. सुंदरानं हमीपत्रावर अंगठा उठवला, मुलाचा हात धरला आणि गेली. फाटक सुनं झालं.

पुढच्या सोमवारी दुपारी घंटा झाली, आणि भिंतीबाहेरून आवाज आला, "जेवलात काय रे?"

मी धावत बाहेर गेले. सुंदरा, डोक्यावर टोपली, बाजाराच्या वाटेवर थांबलेली. मी म्हटलं, "अगं, तुझा मुलगा सुटला ना?"

"तो सुटला," ती म्हणाली. "ही बाकीची आतच हायत न्हवं?"

*

संगमेश्वराकडच्या एका गावातल्या मुलाची केस होती. नाव शंकर, वय बारा. त्यानं शाळेची घंटा चोरून विहिरीत टाकली होती. नुसती घंटा नव्हे, गुरुजींची छडी, हजेरीपट, सगळंच. आई घरी शेती बघायची, वडील मुंबईला एका गोदामात वॉचमन. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी घरी येतातच, पण हा माणूस तीन वर्षं आलेला नव्हता. मागे एकदा रजेवरून उशिरा गेला तेव्हा नोकरी गेली होती, तेव्हापासून तो रजा मागायलाच भ्यायचा.

कोर्टानं पत्र पाठवून त्याला बोलावून घेतलं. एस.टी.नं रात्रभर प्रवास करून तो सकाळी थेट कोर्टात आला. पायात पट्ट्यांच्या चपला, हातात कापडी पिशवी. नाव गोपाळ.

मुलांच्या बाकावर तीन मुलं होती. तिघांचेही केस रिमांड होममध्ये बारीक कापलेले, तिघांच्याही अंगात एकसारखे खाकी कपडे. साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "हा तुमचाच मुलगा ना?"

गोपाळ पुढे झाला आणि त्यानं मधल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

मधला मुलगा शंकर नव्हता.

तो मुलगा खांद्यावरच्या हाताकडे बघत राहिला. मग टोकाला बसलेला शंकर बापाला हळूच म्हणाला, "दादा, मी हितं हाय."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. सुमतीताई अशा वेळी पालकाला सोडत नसत, पण त्यासुद्धा खाली बघत होत्या.

गोपाळनं सबब सांगितली नाही. हमीपत्र पुढे केलं तर तो म्हणाला, "मी पोराला वळखलं नाय, सायेब. मी त्याची हमी काय देऊ? मला चार दिवस द्या."

साहेबांनी पुढचा बुधवार दिला आणि तेवढ्यापुरतं मुलाला त्याच्याबरोबर घरी पाठवलं. साळवी मला म्हणाले, "हा मुंबईला पळणार बघा."

बुधवारी गोपाळ आमच्याआधी येऊन बसला होता. शंकर शेजारी. साहेबांनी विचारलं, "काय झालं चार दिवसांत?"

"काय नाय. त्याच्या मागनं हिंडलो. तो गुरं घेऊन गेला तर मी पण गेलो. तो नदीवर गेला तर मी पण." त्यानं शंकरकडे बघितलं. "सायेब, त्याला उजव्या कानानं ऐकू येत नाय."

मी चमकले. चौकशीचा रिपोर्ट माझा होता. त्यात शाळा होती, घर होतं, शेती होती. कान नव्हता.

"उजव्या बाजूनं हाक मारली की तो बघत नाय. डाव्या बाजूनं मारली की लगेच बघतो. आईला वाटायचं ऐकत नाय, मस्तवाल झालाय. गुरुजी विचारायचे, ह्यो गप. मग मार." त्यानं मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. "रोज मार खायचा तो."

डॉक्टरांनी तपासलं. खरंच होतं. लहानपणी कान फुटला होता, कोणी लक्ष दिलं नव्हतं. शाळेत शंकरला पुढच्या बाकावर, गुरुजी त्याच्या डाव्या कानाकडे येतील अशी जागा मिळाली.

गोपाळनं त्या दिवशी सही केली. माझ्या हातातून त्यानं पेन घेतलं तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. मी दोन वेळा त्या गावात जाऊन आले होते, तास तास बसले होते. त्या माणसानं चार दिवसांत मुलगा ओळखून दाखवला.

*

आता साळवींचं सांगते. त्यांनी स्वतःच ते नंतर अनेकांना सांगितलं आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

एका दुपारी शहराबाहेरच्या वळणावर कोणीतरी एस.टी.वर दगड मारला. काच फुटली आणि ड्रायव्हरच्या भुवईवर लागलं. डोळा थोडक्यात वाचला. गाडी त्यानं तशीच सावरून कडेला घेतली, नाहीतर खाली दरी होती. दगड मारणारा सापडला नाही. साक्षीदार नाही, पुरावा नाही.

साळवी त्या आठवड्यात फार तापलेले होते. कोर्टात प्रत्येक पालकाला ऐकवत होते, "तुमच्यासारख्यांच्या पोरांमुळे माणसं मरायची वेळ आली."

पुढच्या बुधवारी ते आले ते साध्या कपड्यांत. पांढरा शर्ट, पायजमा. बरोबर त्यांचा धाकटा मुलगा, तेरा वर्षांचा. साळवींनी मुलाला मुलांच्या बाकावर बसवलं आणि स्वतः पालकांच्या बाकावर जाऊन बसले.

साहेबांना काही कळेना. त्यांनी विचारलं, "साळवी, आज ड्यूटी नाही?"

"रजा टाकली, साहेब."

"मग कोणत्या कामासाठी आलात?"

"एस.टी.वर दगड यानं मारला," साळवी म्हणाले. "काल रात्री जेवताना सांगितलं. सकाळी ठाण्यात जबाब देऊन आलो. आता पालक म्हणून हजर आहे."

कोणाला काही कळायच्या आधीच तो माणूस मुलाला घेऊन ठाण्यात गेला होता. गप्प बसला असता तर जन्मात कोणाला पत्ता लागला नसता. मुलगा बाकावर रडत होता. साळवींनी एकदाच त्याच्याकडे बघितलं, आणि डोळ्यांनीच 'सरळ बस' म्हणून खूण केली.

सुनावणी रीतसर झाली. ड्रायव्हरही आला, भुवईवर टाके. त्यानं मुलाला जवळ बोलावून टाके दाखवले आणि म्हणाला, "हात लाव. बघ केवढं आहे." मुलानं हात लावला. ड्रायव्हरनं त्याशिवाय काही मागितलं नाही.

हमीपत्र साळवींच्या पुढे ठेवलं. हजारो कागदांवर सह्या केलेला माणूस, पण त्या दिवशी त्याला आपलं नाव लिहायला वेळ लागला.

नंतर ते पुन्हा दाराशी उभे राहू लागले. पालकांना ऐकवणं बंद झालं. एक नवीन सवय मात्र लागली. कोणी आईबाप येऊन बाकावर बसले की साळवी न विचारता पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यासमोर ठेवायचे.

*

सुमतीताईंचा दरारा साऱ्या शहरात. चाळीस वर्षं शिकवलेलं, रस्त्यानं चालल्या की पन्नाशीची माणसं सायकलवरून उतरायची. पालक बाकावर बसला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "शाळेत काय शिकलास तू? तेच मुलाला शिकवलंस का?"

एकदा गणपतीपुळ्याच्या गर्दीत पाकीट मारताना पकडलेला मुलगा आला. तेरा वर्षांचा, प्रकाश. बाप हमाल, दत्ता नाव. सुमतीताईंनी विचारलं, "शाळेत काय शिकलास?"

दत्ता उभा राहिला. अगदी शाळेत राहतात तसा, हात बाजूला सरळ.

"बाई, मी तुमच्याच शाळेत होतो. सहावीत. तुम्ही मला काढून टाकलंत."

"का?"

"एका मुलाचा कंपास घेतला होता मी. तुम्ही म्हणालात, चोराला माझ्या शाळेत जागा नाही. बाबा आले होते पाया पडायला. तुम्ही ऐकलं नाहीत." त्याच्या आवाजात राग नव्हता, तो फक्त उत्तर देत होता. "तेव्हा सहावीतलं जेवढं शिकलो तेवढं ह्याला शिकवलं. पुढचं मला येत नाही."

सुमतीताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. साहेबांनी सुनावणी पुढे नेली. मुलगा पहिल्यांदाच सापडलेला, सोडायला हरकत नव्हती, पण एक अडचण होती. दत्ता पहाटेपासून संध्याकाळपर्यंत कामावर, घरात दुसरं कोणी नाही. मुलाकडे बघणार कोण? अशा वेळी साहेब दुसरा जामीनदार मागायचे.

"दुसरं कोणी आहे?" साहेबांनी विचारलं.

दत्तानं नाही म्हणून मान हलवली.

"मी आहे," सुमतीताई म्हणाल्या.

साहेब त्यांच्याकडे वळले. "ताई, तुम्ही कोर्टाच्या सदस्य. तुम्हाला हमी घेता येत नाही."

सुमतीताईंनी माझ्यापुढचा कोरा कागद ओढून घेतला. चार ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद साहेबांच्या पुढे सरकवला. राजीनामा होता. मग त्या खुर्चीवरून उठल्या, टेबलाला वळसा घालून समोर गेल्या आणि पालकांच्या बाकावर दत्ताच्या शेजारी बसल्या.

"आता घेता येईल ना?" त्यांनी विचारलं.

दत्ता बाकावरून उठून उभा राहिला. बाईंच्या शेजारी बसायची त्याची छाती होईना. त्यांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

प्रकाश पुढे रोज शाळेनंतर त्यांच्या घरी जायचा. आणि वर्षभरानं मी भेटीला गेले तर ओटीवर दोन पाट्या होत्या. संध्याकाळी काम सुटलं की दत्ताही यायचा. सातवीची तयारी चालली होती.

*

शेवटचा एक सांगते आणि थांबते. सुमतीताईंची खुर्ची तेव्हा रिकामी झालेली होती.

अंजनवेलकडची केस. खाडीत दोन मुलं छोट्या होडीतून गळ टाकायला गेली होती. महेश चौदा वर्षांचा, विठ्ठल पंधराचा. गळावरून भांडण झालं. विठ्ठलनं महेशला ढकललं. महेश पाण्यात पडला, डोक्याला होडीची कड लागली, आणि तो वर आलाच नाही. ओहोटीला पाणी जोरात होतं. विठ्ठलनं उडी मारून शोधलं, ओरडला, मग होडी किनाऱ्याला लावून स्वतःच महेशच्या घरी जाऊन सांगितलं, "मी ढकललं."

चार तारखा झाल्या. चारही तारखांना महेशचे आईवडील आले. आईचं नाव यशोदा. ती एक अक्षर बोलली नाही, विठ्ठलकडे एकदाही बघितलं नाही. नुसती खिडकीकडे तोंड करून बसायची. साळवी तांब्या ठेवायचे, तो तसाच राहायचा.

विठ्ठलला आई नव्हती. बाप होता. चौथ्या तारखेला साहेबांनी सांगितलं, मुलाचा हेतू मारायचा नव्हता, त्याला पालकाच्या ताब्यात देऊन प्रोबेशनवर सोडता येईल. मी हमीपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि बापापुढे ठेवलं.

बाप म्हणाला, "मी सही करणार नाय. मला गावात तोंड दाखवायला जागा नाय ठेवली त्यानं. सरकारनं ठेवून घ्यावा." आणि उठून चालता झाला. साळवी त्याच्या मागे गेले, पण तो थांबला नाही.

विठ्ठल बाकावर बसला होता. त्यानं बापाच्या पाठीकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे.

साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, "मुलाची जबाबदारी घ्यायला दुसरं कोणी आहे का?" खरं तर कोणाला विचारत होते? खोलीत आमच्याशिवाय महेशचे आईवडीलच होते. साहेबांनी उत्तराची वाट न बघता पेन उचललं. मुलाला संस्थेत पाठवायचा हुकूम लिहायला घेतला. अठरा वर्षांचा होईपर्यंत.

"मी घेते," यशोदा म्हणाली.

चार तारखांत आम्ही तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. तिचा नवरा तिच्याकडे बघत राहिला. साहेब म्हणाले, "बाई, हा कागद कसला आहे कळतंय ना तुम्हाला?"

"मला वाचता येत नाय. पण बाईंनी वाचला तो ऐकला."

"हा मुलगा तुमच्या घरी राहील. तो काही चुकला तर जबाबदार तुम्हाला धरलं जाईल."

"हो."

साहेबांनी तिच्या नवऱ्याला विचारलं, "तुमची संमती आहे?" तो म्हणाला, "ती म्हणते तर असेल काहीतरी," आणि तोंडावरून उपरणं फिरवलं.

साहेबांनी त्यांना आठ दिवस विचाराला दिले. आठ दिवसांनी ती दोघं पुन्हा आली. हमीपत्रात एक रकाना असायचा, 'मुलाशी नाते'. मी पेन घेऊन विचारलं, "नातं काय लिहू?"

यशोदानं त्या दिवशी पहिल्यांदा विठ्ठलकडे बघितलं.

"अजून काय नाय," ती म्हणाली. "पुढं बघू."

तिनं अंगठा उठवला. तिघं फाटकातून बाहेर पडली, पुढे नवरा, मागे ती, तिच्या मागे दहा पावलं सोडून विठ्ठल.

महिन्यानं मी भेटीला गेले. एस.टी. बदलून, मग खाडीपर्यंत चालत. सगळ्या वाटेवर मला धास्ती होती. काय बघायला मिळेल? पोराला राबवत असतील? उपाशी ठेवत असतील? की तो पळून गेला असेल?

घराला कडी होती. शेजारीण अंगणात भात वाळत घालत होती. मी विचारलं, "यशोदाबाई कुठे आहेत?"

तिनं हातानं खाडीकडे दाखवलं.

मी बांधावर जाऊन उभी राहिले. खाडीच्या मध्यावर एक छोटी होडी होती. विठ्ठल वल्हवत होता. त्याच्यासमोर, त्याच्याकडे तोंड करून, यशोदा बसली होती. दोन्ही हात मांडीवर. होडीची कडसुद्धा धरलेली नव्हती.

शेजारीण माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "रोज जातात. त्यो नको नको म्हणत होता, रडत होता. पण ती बसतेच जाऊन."

मी विचारलं, "यशोदाबाईंना पोहता येतं?"

"नाय," शेजारीण म्हणाली.